कोणत्या घराची खोली?

रमजान ईदचा दुसरा दिवस, आमच्याकडची बासी ईद. दिग्रसच्या घरातली पाहुण्यांची वर्दळ ओसरली होती, पातेल्याच्या तळाला थोडा शीरखुर्मा उरला होता आणि मी पुण्याला परतण्यासाठी बॅग भरत होतो. तेवढ्यात आपाची मुलगी लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली. ती यवतमाळला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी तिचं जावाचं प्रॅक्टिकल होतं.

"मामू, ये देखो ना. कंपाइलच नई हो रा."

आमच्या घरात जी भाषा बोलतात तिला शाळेत ना कुणी हिंदी म्हणतं, ना उर्दू. म्हणून पुढचं तिचं बोलणं मी मराठीतच लिहितो. तीही मराठी माध्यमातच शिकली आहे.

पडद्यावरचा प्रोग्रॅम छोटा होता. बाहेर एक क्लास, त्याच्या कंसात आत दुसरा क्लास. पुस्तकात त्यांची नावं 'आउटर' आणि 'इनर' होती. मी म्हटलं, आधी ही नावं बदल. बाहेरच्याला 'घर' म्हण, आतल्याला 'खोली'. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. पण जावामध्ये क्लासचं किंवा व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिलेलं चालतं. 'क्लास', 'न्यू', 'स्टॅटिक' हे भाषेचे राखीव शब्द तेवढे यंत्रावर इंग्रजी लिपीतच टाईप करावे लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळंच नागरीत लिहितोय.

तिने 'मेन'मध्ये लिहिलं होतं:

खोली माझी = न्यू खोली();

आणि कंपाइलरने खाली लाल अक्षरांत उत्तर दिलं होतं: नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल धिस कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. पहिल्यांदा वाचणाऱ्याला या वाक्यातून काहीच कळत नाही. तिने 'धिस' हा शब्द कुठे लिहिलेलाच नव्हता, मग तक्रार त्याची का?

मी तिला म्हटलं, "क्लास म्हणजे नकाशा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या नकाशावरून बांधलेली वस्तू. घराचा नकाशा एक असतो, त्यावरून घरं कितीही बांधता येतात. आता तुझ्या खोलीचा नकाशा घराच्या नकाशाच्या आत काढलेला आहे. तू कंपाइलरला सांगतेस, एक खोली बांध. तो विचारतोय, कोणत्या घरात?"

"घरातच ना. घर क्लासच्या आतच तर लिहिलंय."

"ते नकाशात झालं. नकाशात खोली बांधता येत नाही. आधी घर उभं कर, मग त्या घराला सांग."

मग दोन ओळी लिहिल्या:

घर आमचं = न्यू घर();
घर.खोली माझी = आमचं.न्यू खोली();

दुसऱ्या ओळीतला 'आमचं.न्यू' हा भाग पुष्कळांना विचित्र वाटतो, कारण एरवी 'न्यू'च्या आधी काही लिहायची सवय नसते. पण सगळा अर्थ तिथेच आहे. खोली बांधली जाते ती 'घर' या नावाच्या नाही, 'आमचं' या उभ्या घराच्या आत. प्रोग्रॅम चालला.

पण पोरगी सहजी गप्प बसणारी नाही. "मामू, मेनसुद्धा घर क्लासच्या आतच लिहिलंय. मग त्याला घर का माहीत नाही?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि बहुतेक मुलं इथेच अडकतात. 'मेन'वर 'स्टॅटिक' असं लिहिलेलं असतं. स्टॅटिक म्हणजे नकाशाच्या मालकीचं, एखाद्या बांधलेल्या घराच्या मालकीचं नाही. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा एकही घर उभं नसतं, तरी कुठून तरी सुरुवात करावीच लागते, म्हणून 'मेन' तसं असतं. 'धिस' म्हणजे 'हे घर, ज्यात मी आत्ता उभा आहे'. 'मेन' कोणत्याच घरात उभं नाही, म्हणून त्याच्याकडे 'धिस' नाही. तीच तक्रार कंपाइलर करत होता. उलट घराच्या साध्या, स्टॅटिक नसलेल्या मेथडमध्ये नुसतं 'न्यू खोली()' लिहिलं की चालतं. तिथे 'धिस' असतंच, न लिहिता धरलं जातं.

तिने मान डोलावली आणि मग खालचा दुसरा प्रोग्रॅम उघडला. "पण मैत्रिणीने दुसरा उपाय सांगितला होता. खोलीच्या आधी स्टॅटिक लिहायचं. एरर जातो."

एरर जातो, हे खरं आहे. स्टॅटिक लिहिलं की आतला क्लास घराच्या ऑब्जेक्टवर अवलंबून राहत नाही. 'न्यू घर.खोली()' म्हटलं की काम झालं. पण तिच्या खोलीतल्या एका मेथडमध्ये घराचा पत्ता छापायचा होता. खोली स्टॅटिक झाल्याबरोबर 'पत्ता' या शब्दावर लाल रेघ आली, कारण आता त्या खोलीला आपलं घर कोणतं हेच ठाऊक नव्हतं. म्हणून तिने पत्त्यालाही स्टॅटिक केलं. लाल रेघ गेली. मग तिने दोन घरं केली, एकाला दिग्रसचा पत्ता दिला, दुसऱ्याला यवतमाळचा. छापून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी यवतमाळ.

स्टॅटिक पत्ता एकच असतो, सगळ्या घरांत मिळून. शेवटी जो लिहिला तो सगळ्यांचा. कंपाइलर गप्प झाला होता आणि उत्तर चुकीचं झालं होतं.

मग मी तिला आतली यंत्रणा दाखवली. फाईल कंपाइल केली की फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतात, एक 'घर' आणि दुसरी 'घर$खोली'. जावात आतले क्लास आले ते 1.1 या आवृत्तीत, फेब्रुवारी 1997 मध्ये. त्यासाठी प्रोग्रॅम चालवणारं यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बदलावं लागलं नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही स्वतंत्र क्लास. सगळी किमया कंपाइलरची. तो खोलीच्या कन्स्ट्रक्टरला गुपचूप एक जास्तीचा घटक देतो, घराचा संदर्भ, आणि खोलीत तो एका लपलेल्या जागी ठेवतो. जुन्या सवयीने त्या जागेचं नाव 'धिस$0' असतं. तो संदर्भ जन्माच्या वेळीच ठरतो आणि नंतर बदलता येत नाही. खोलीतून घराकडे उघडपणे बोट दाखवायचं असेल तर 'घर.धिस' लिहायचं.

असा संदर्भ खरंच कधी लागतो हे पाहायला लांब जायला नको. जावाच्या स्वतःच्या 'अ‍ॅरेलिस्ट'मध्ये यादीतल्या वस्तू एकेक करून देणारा इटरेटर हा आतला क्लास आहे, स्टॅटिक नसलेला. कारण इटरेटर म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणत्या यादीचा? यादीशिवाय त्याला अर्थ नाही. याउलट 'हॅशमॅप'मधला 'नोड' स्टॅटिक आहे. त्याच्याकडे त्याची किल्ली आहे, त्याची किंमत आहे, पुढच्या नोडचा दुवा आहे. आपण कोणत्या मॅपमध्ये आहोत हे त्याला कधी विचारावंच लागत नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामू, हे तर माझ्या व्हॅलिडिटीसारखं झालं."

आतून आपा म्हणाली, "ते नाव काढू नकोस सणाच्या दिवसांत."

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझे दुल्हाभाई पिंजारी. त्यांचे वडील पिंजण खांद्यावर घेऊन दारव्हा तालुक्यातल्या गावांमधून फिरायचे, हिवाळ्याआधी लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. कापसाचा जिल्हा, कापसाचा धंदा. पिंजारी महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. त्यामुळे भाचीला त्या प्रवर्गातून प्रवेश मिळण्यासारखा होता. पण नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. दाखला देण्याचा आणि पडताळण्याचा कायदा 2000 सालचा, 2001 पासून लागू. इतर मागासवर्गासाठी मानीव दिनांक आहे 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीचा, वडिलांच्या बाजूच्या पूर्वजाचा, जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो.

माझ्याकडे माझं स्वतःचं वैधता प्रमाणपत्र आहे. ते मी मोठ्या उत्साहाने आपाकडे पाठवलं होतं. पण मी मामू. मी तिच्या आईच्या बाजूचा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाचं असेल तर ते उपयोगी पडतं; माझं प्रमाणपत्र तिच्यासाठी कागदाचा तुकडा. आज पाहिलं तर गोष्ट अगदी सरळ आहे. 'आमचं.न्यू खोली()' म्हटलं की आमच्या घराची खोली होते. तिची खोली तिच्या घराची हवी.

मग दादांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढला. दादा दोन वर्षं शाळेत गेले होते. नाव सापडलं, गाव सापडलं, आणि जातीच्या रकान्यात लिहिलेलं होतं: मुसलमान.

मुस्लिम वाचकांपैकी अनेकांना हा शब्द आणि हा रकाना पाठ असेल. त्या पानावर वरखाली जितकी आपली मुलं होती, त्या सगळ्यांच्या पुढे तेच. शिंप्याचा मुलगा, बागवानाचा मुलगा, खाटकाचा मुलगा, पिंजाऱ्याचा मुलगा. लिहिणाऱ्या गुरुजींच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. त्यांना एकच शब्द माहीत होता, तो त्यांनी सगळ्यांना लावला. पण त्यामुळे झालं असं की प्रत्येक घराचा वेगळा असायला हवा तो रकाना सगळ्या घरांत मिळून एक झाला. भाचीने दिग्रसला यवतमाळ छापून पाहिलं आणि तिला ते रजिस्टर आठवलं, ते यासाठी.

पुढे वंशावळ तयार केली, शपथपत्र केलं. त्यात पणजोबांचं नाव होतं, त्यांच्या भावांची नावं होती. कागद पूर्ण दिसत होता. पण ज्या नोंदीकडे तो बोट दाखवत होता तिच्याबद्दल एका कार्यालयाच्या खिडकीतून लेखी उत्तर आलं, "नोंद आढळून येत नाही." जावात याचंही रूप आहे. 'घर आमचं = नल;' असं लिहून पुढे 'आमचं.न्यू खोली()' लिहिलं, तर कंपाइलर काही म्हणत नाही. नाव आहे, प्रकार बरोबर आहे. प्रोग्रॅम चालवला की त्या ओळीवर कोसळतो, नलपॉइंटरएक्सेप्शन. नाव होतं, त्यामागे घर नव्हतं.

त्या वर्षी अर्जाच्या पावतीवर काही महिन्यांची मुदत मिळाली. त्या महिन्यांत दुल्हाभाईंनी किती वेळा दारव्ह्याची एसटी धरली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. प्रमाणपत्र वेळेत नसतं आलं तर प्रवेश खुल्या प्रवर्गात मोजला गेला असता, फीचा फरक भरावा लागला असता, आणि तो भरण्याइतके पैसे घरात नव्हते. आपाने तेव्हा फोनवर मला एवढंच विचारलं होतं, की मुलीला बीएस्सीला घातलं तर पुण्यात नोकरी लागते का.

शेवटी सापडली कोतवाल बुकातली नोंद. जुन्या जन्म-मृत्यूच्या त्या वहीत गावाच्या कोतवालाने सांगितलेलं लिहिलेलं असतं. दादांच्या धाकट्या भावाच्या जन्माची एक ओळ होती. वडिलांचं नाव, गाव, आणि जात: पिंजारी. शाई उडालेली, पण वाचता येत होती. त्या कोतवालाने गावात फिरून पिंजणाचा आवाज ऐकलेला असणार, म्हणून त्याने ते लिहिलं. त्या एका ओळीवर तिचा प्रवेश टिकला.

हे सगळं तिला माहीत होतं, तिनेच भोगलं होतं. तरी लॅपटॉपसमोर बसून आम्ही ते पुन्हा एकदा, पायरी-पायरीने बोललो. मग तिने विचारलं, "मामू, मला स्टॅटिक होता येणार नाही का? कोणाच्या आत नाही, दादांचा कागद नाही, नुसती मी?"

प्रोग्रॅमिंगपुरतं याचं उत्तर माझ्याकडे होतं. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 साली आलेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात सांगितलंय, की आतल्या क्लासला बाहेरच्या ऑब्जेक्टची गरज नसेल तर तो स्टॅटिकच करावा. कारण धरून ठेवलेल्या संदर्भाला किंमत असते. खोली कुणी हातात धरून ठेवली तर तिच्यातल्या लपलेल्या संदर्भामुळे अख्खं घर मेमरीत अडकून राहतं, कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये बंद केलेला स्क्रीन असाच मेमरीत राहून जातो, आणि त्याचं कारण शोधताना मी स्वतः रात्री घालवल्या आहेत. सी++ आणि सी शार्पमध्ये तर आतला क्लास फक्त नावाने आत असतो. बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भ आपोआप मिळतच नाही. कोटलिनने जावाचा अनुभव पाहून नियम उलटा केला: काही न लिहिता आतला क्लास स्वतंत्र, आणि संदर्भ हवाच असेल तर 'इनर' असं स्पष्ट लिहायचं. जावाच्या कंपाइलरनेही 18 व्या आवृत्तीपासून, खोलीने घराचा उपयोगच केला नसेल तर, तो लपलेला संदर्भ साठवणं सोडून दिलं आहे.

म्हणजे नियम असा: खोलीला घराचं काही विचारावं लागतं का? लागत असेल तर घर द्या. लागत नसेल तर उगाच बांधून घालू नका.

तिच्या खऱ्या प्रश्नाला मात्र मी सरळ उत्तर देऊ शकलो नाही. मी म्हटलं, जिथे तुझी परीक्षा तुझ्या डोक्याची आहे तिथे तू नुसती तू आहेस. सोमवारचं प्रॅक्टिकल दादांचा कागद मागणार नाही. पण दादांच्या घरात शिक्षण का पोहोचलं नाही, ते दोनच वर्षं शाळेत का गेले, हे जेव्हा कुणी हिशेबात धरू पाहतं, तेव्हा त्याला विचारावंच लागतं, कोणतं घर. ते विचारणं चुकीचं नाही. चुकीचं आहे ते त्या रकान्यात सगळ्यांसाठी एकच शब्द लिहिणं, आणि साठ-सत्तर वर्षांनी त्याची किंमत एका पोरीकडून वसूल करणं.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक काढू?"

"पत्ता छापायचाय ना?"

"हो."

"मग काढ."

तिने दोन्ही 'स्टॅटिक' काढले. एक घर दिग्रसचं केलं, एक यवतमाळचं, दोन्हींत एकेक खोली बांधली. पडद्यावर दोन वेगळे पत्ते आले. आपाने उरलेला शीरखुर्मा दोन वाट्यांत आणून ठेवला.

सोमवारी रात्री तिचा फोन आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं होतं, आतला क्लास स्टॅटिक का केला नाही. तिने सांगितलं, "सर, ह्या खोलीला घराचा पत्ता विचारावा लागतो." सर हसले म्हणे, आणि पुढच्या मुलीकडे वळले. गुण किती दिले ते अजून कळायचंय.

वाचकांपैकी जे जावा शिकत आहेत त्यांना एवढंच सांगतो, की तो लाल एरर आला की घाईने 'स्टॅटिक' चिकटवू नका. आधी स्वतःला विचारा, कोणत्या घराची खोली. आणि ज्यांच्या घरात दहावी-बारावीची मुलं आहेत, मग ती मन्सुरी असोत, मोमीन असोत, बागवान असोत की अत्तार, त्यांनी सुट्टीची वाट पाहू नये. आजोबांचा दाखल-खारीज उतारा काढा. त्यात 'मुसलमान' एवढंच असेल तर तिथेच थांबू नका, आजोबांच्या भावा-बहिणींच्या नोंदी पाहा, कोतवाल बुकाची नक्कल मागा. आजोबांच्या पिढीतलं कुणी हयात असेल तर गावाचं नाव, भावंडांची नावं आत्ताच विचारून लिहून ठेवा. दुल्हाभाईंना दादांच्या धाकट्या भावाचं नाव सांगणारं माणूस घरात एकच उरलं होतं, त्यांची फुफी. प्रमाणपत्र आलं आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.